कंसातलं साल

मुंबई उच्च न्यायालयाची खंडपीठे कोठे कोठे आहेत? स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत हा प्रश्न वर्षानुवर्षं छापला जातो. नागपूर, औरंगाबाद, पणजी. उत्तर पाठ, गुण पदरात. १७ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते कोल्हापुरात सर्किट बेंचचं उद्घाटन झालं, दुसऱ्या दिवसापासून कामकाज सुरू झालं, आणि या हुकमी प्रश्नाचं उत्तर बिघडलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांचे मुंबईचे हेलपाटे वाचले, वकिलांच्या कित्येक वर्षांच्या आंदोलनाला फळ आलं. पण मंगळवार पेठेतल्या एका घरात त्यावरून मामा-भाचीचं वाजलं.

मामा म्हणजे माझे जुने स्नेही. उभी हयात छापखान्यात प्रूफं वाचण्यात गेली. निवृत्तीनंतर चष्म्याचा नंबर वाढला आणि हात शिवशिवायला लागले, तेव्हा मुलानं दिलेल्या मोबाइलवर ते मराठी विकिपीडियातल्या चुका काढू लागले. भाची राज्यसेवेच्या मुलांना सामान्य अध्ययन शिकवते, स्वतःची अभ्यासिका चालवते. ऐकणाऱ्याला वाटेल, म्हातारा छापील ग्रंथांची बाजू घेणार आणि पोरगी इंटरनेटची. इथं सगळं उलटं आहे. मी मध्ये बसून चहा पिणारा.

"मामा, तुम्ही परत लेख बदलला," भाचीनं चपला काढता काढताच सुरुवात केली. "पोरं मला स्क्रीनशॉट पाठवायला लागलीत. आधी 'खंडपीठ' होतं, मग 'सर्किट बेंच' झालं, आता खाली कुणीतरी 'चौथे खंडपीठ' असं घातलंय. मी वर्गात सांगू काय?"

"आहे ते सांग. सर्किट बेंच."

"अहो, चौकाचौकात खंडपीठाच्या अभिनंदनाचे फलक लागले होते."

"फलक आनंदाचा असतो गं. त्याचं प्रूफ कोण वाचत नाही."

मग मामांनी कायदा काढला. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यातलं कलम ५१. त्याच्या दुसऱ्या पोटकलमाखाली राष्ट्रपती कायमचं खंडपीठ स्थापन करतात. तिसऱ्या पोटकलमाखाली मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीनं न्यायाधीशांच्या बैठकीची आणखी एखादी जागा ठरवतात. कोल्हापूरचं काम तिसऱ्याखाली झालेलं आहे. न्याय मागायला आलेल्या माणसाला या फरकाचं सोयरसुतक नसतं, त्याचा एसटीचा खर्च वाचला हे खरं. पण कोशात लिहिताना दुसरं आणि तिसरं एक करून चालत नाही.

"बरं, तिसरं तर तिसरं," भाची म्हणाली. "हे असंच राहणार का?"

"ते मी कसं सांगू? औरंगाबादचंच बघ. १९८१ ला तिथं बेंच बसलं ते याच तिसऱ्या पोटकलमाखाली. त्यावर सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण झालं. १९८४ ला ते कायम खंडपीठ झालं. म्हणजे १९८२ साली एखाद्यानं 'औरंगाबाद येथे कायम खंडपीठ आहे' असं लिहिलं असतं तर ते चूक, आणि १९८५ साली 'नाही' लिहिलं असतं तर तेही चूक."

"झालं! हेच माझं दुखणं आहे."

तिचं दुखणं खोटं नाही. आयोगाच्या परीक्षेनंतर पहिली उत्तरतालिका येते. मग उमेदवार हरकती घेतात आणि हरकतीसोबत पुरावा जोडावा लागतो. त्या हरकती तपासून अंतिम उत्तरतालिका लागते. एखादा प्रश्न रद्द होतो, एखाद्याचं उत्तर बदलतं, आणि चुकीच्या उत्तराला उणे गुण असल्यामुळे एका प्रश्नाच्या उलथापालथीत काठावरचं पोर आत येतं किंवा बाहेर जातं. असा पुरावा म्हणून काय धरायचं? शासकीय प्रकाशन, पाठ्यपुस्तक, विश्वकोश, दरवर्षीची महाराष्ट्राची आर्थिक पाहणी. रात्री साडेअकराला एका निवृत्त मुद्रितशोधकानं मोबाइलवरून दुरुस्त केलेलं पान, ते कितीही बरोबर असलं तरी, तिथं उभं राहत नाही.

"मला हलणारं ज्ञान नको," ती म्हणाली. "मला एक ग्रंथ पाहिजे. त्याच्यावर बोट ठेवलं की वाद संपला पाहिजे. खाली लिहिणाऱ्याचं नाव, वर संपादकाचं नाव. लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभा केला तो असाच ना? प्रत्येक नोंद त्या विषयातल्या माणसाकडून लिहून घेतली, दुसऱ्याकडून तपासून घेतली. तुमच्या विकिपीडियाच्या लेखाखाली कुणाचं नाव आहे? ना धड नाव, ना गाव."

मामा उठले. भिंतीतल्या कपाटातून विश्वकोशाचा एक जाड खंड काढून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला. पुठ्ठ्याचा कोपरा मऊ झालेला, कडांना पिवळसरपणा. मामांनी एका शहराच्या नोंदीची पहिली ओळ दाखवली. शहर कुठं आहे, कशासाठी प्रसिद्ध आहे, लोकसंख्या इतकी, आणि आकड्यानंतर लगेच कंस, कंसात १९७१.

"हा कंस बघ," ते म्हणाले. "सगळ्या खंडात मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही. ज्यानं हा कंस घातला त्याला ठाऊक होतं की आपण लिहितोय ते शिळं होणार. मी आयुष्यभर प्रूफं वाचली. लेखक लोक मोठमोठी वाक्यं लिहितात, 'सध्या', 'आजकाल', 'नुकतेच', 'अलीकडे'. पुस्तक वीस वर्षांनी उघडलं की ते 'नुकतेच' म्हणजे केव्हा, ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. आणि हा चार आकड्यांचा कंस पन्नास वर्षं झाली तरी खोटा झाला नाही. आकडा जुना झाला. वाक्य अजून खरं आहे."

"मग भांडताय कशाला? मीसुद्धा तेच म्हणतेय. छापलेलं खरं राहतं."

"कंस घातलेलं खरं राहतं. बाकीच्याचं काय?"

आणि मग मामांनी विश्वकोशाची जी गोष्ट सांगितली ती मी इथं माझ्या शब्दांत देतो, कारण ते बोलताना तीनदा मूळ विषय सोडून वाईच्या घाटावर गेले.

महाराष्ट्र राज्य झालं १९६० मध्ये आणि त्याच वर्षी साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री अध्यक्ष, कोशाचं काम वाईत. १९७३ मध्ये परिभाषेचा खंड आला, कारण मराठीत शास्त्र लिहायचं तर आधी शब्द ठरवायला हवेत. १९७६ मध्ये पहिला खंड, 'अ' पासून. १९८० मध्ये विश्वकोशासाठी वेगळं मंडळ झालं. १९९४ मध्ये तर्कतीर्थ गेले तेव्हा काम अर्धंअधिक झालं होतं, पुरं झालं नव्हतं. विसावा खंड हाती यायला २०१५ उजाडलं. म्हणजे 'अ' आणि शेवटचं अक्षर यांच्यात जवळपास चाळीस वर्षांचं अंतर. 'ज' चा खंड निघाला तेव्हा जर्मनी दोन होत्या, १९९० मध्ये एक झाली. 'चेकोस्लोव्हाकिया' ही नोंद 'च' मध्ये मानानं बसली, आणि १९९३ च्या पहिल्या दिवशी तो देशच नकाशावरून गेला. 'स' पर्यंत येईतो सोव्हिएट युनियन इतिहासजमा झालेला. अकारविल्हे छापलेला कोश एका काळाचा नसतोच. एकाच मांडणीवर एकाच रंगाच्या पुठ्ठ्यात वेगवेगळी दशकं शेजारी शेजारी उभी असतात.

यात त्या माणसांचा दोष काढणं कृतघ्नपणा होईल. सरकारी अनुदान, टपालानं येणाऱ्या नोंदी, लेखकांच्या मागं लागणं, चित्रं, ब्लॉक, कागद. त्यांनी केलं ते डोंगराएवढं आहे. पण प्रत्येक खंडाचा प्रकाशन समारंभ झाला. दुरुस्तीचा समारंभ कधी होत नाही. कुठल्याही सरकारात नव्या खंडासाठी तरतूद मागता येते, जुन्या खंडातला जिल्ह्यांचा आकडा बदलण्यासाठी कुणी तरतूद मागत नाही. महाराष्ट्रात १९६० मध्ये २६ जिल्हे होते. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झालं तेव्हा ३६ झाले. मधल्या काळात छापलेल्या प्रत्येक पुस्तकात वेगळा आकडा आहे आणि प्रत्येक आकडा आपापल्या दिवशी बरोबर होता.

"आता तो कोश इंटरनेटवर आहे," भाचीनं टोकलं. "विषयवार ज्ञानमंडळं केलीत, विद्यापीठांना जोडून घेतलंय, नव्या नोंदी येतात, जुन्या सुधारतात. म्हणजे तुमचा मुद्दा सरकारनंच मान्य केला, पण नाव-गाव-संपादक ठेवून. मग तुमच्या त्या खुल्या मैदानाची गरज काय?"

"मैदानात माणसं जास्त असतात."

"आणि म्हशी पण."

मामा मनापासून हसले. मग तीही हसली. पण लगेच तिनं बोटं मोजायला सुरुवात केली. गावाच्या लेखात सरपंचाचा जयजयकार. तालमीच्या लेखात 'थोर', 'महान', 'सुप्रसिद्ध' यांची रांग. निवडणूक आली की नेत्याच्या लेखात रात्रीतून विकासकामं उगवतात. वर्तमानपत्रातला वार्ताहर घाईत विकिपीडियावरून सनावळी उचलतो, दुसऱ्या दिवशी विकिपीडियावरचा माणूस त्याच बातमीचा संदर्भ जोडतो, आणि वाऱ्यावरची गोष्ट दोन पायांवर उभी राहते.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत भारी वाटला. मामांकडेही त्याला सरळ उत्तर नव्हतं. ते म्हणाले, "प्रत्येक पानाला 'इतिहास' आहे. कुणी, कुठल्या दिवशी, कुठला शब्द काढला, कुठला घातला, सगळं दिसतं. 'संदर्भ हवा' असा शेरा मारता येतो. छापील पुस्तकात चूक कुणी केली ते शोधून दाखव. लेखकानं, कंपोझिटरनं, का माझ्यासारख्यानं?"

"इतिहास बघतो कोण, मामा? पोरं पहिला परिच्छेद वाचतात आणि बंद करतात."

"मग ते पोरांना शिकवायचं काम तुझं."

थोडा वेळ दोघं गप्प. मी म्हटलं, जरा शाहू महाराजांच्या जन्मतारखेचं बोला. कोल्हापुरात हा विषय काढला की वाद थांबतो किंवा वाढतो.

जुन्या छापील पुस्तकांत राजर्षी शाहूंचा जन्म २६ जुलै १८७४ असा सापडतो. आज जयंती २६ जूनला होते, तोच दिवस राज्यात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. बरोबर एक महिन्याचं अंतर. दसरा चौकातल्या पुतळ्याला २६ जूनला हार घालणाऱ्या माणसाला ही जुनी तारीख दाखवली तर तो म्हणेल, छापायची चूक असेल. ग्रंथालयातून जुनं चरित्र घेऊन आलेला विद्यार्थी मात्र म्हणेल, पुस्तकात आहे की.

"तुझा तो बोट ठेवायचा ग्रंथ," मामा म्हणाले. "बोट जुलैवर पडलं तर? वाद संपला?"

"म्हणून ग्रंथाची नवी आवृत्ती पाहिजे. कुणीही उठून बदलायचं नाही. पुरावा संपादकापुढं ठेवायचा, त्यानं निर्णय द्यायचा, खाली सही."

"आणि निर्णयाला किती वर्षं? जेधे शकावली टिळकांनी १९१६ साली छापली. तीत शिवाजी महाराजांच्या जन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी होती. सरकारनं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ठरवून टाकली २००१ साली. मधली पंच्याऐंशी वर्षं पोरं १६२७ पाठ करत होती आणि गुण मिळवत होती."

"ती पंच्याऐंशी वर्षं वाया नाही गेली," भाचीनं आवाज चढवला. "पंचांगं तपासली, कागद तपासले, समित्या बसल्या, विद्वान एकमेकांच्या उरावर बसले. एवढं झालं म्हणून ती तारीख आज उभी आहे. तुमच्या मैदानात हाच वाद असता तर एका रात्रीत तीस वेळा साल बदललं असतं आणि शेवटी ज्याला झोप कमी त्याचा विजय झाला असता."

इथं मी मनातल्या मनात भाचीला गुण दिले. वादातली तारीख आणि बदललेली वस्तुस्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण दोन्हीला 'अद्ययावत करणे' असं एकच नाव देतो. शाहूंचा जन्म एकाच दिवशी झाला. आपली माहिती सुधारली. सर्किट बेंचचं तसं नाही. तिथं जगच बदललं. पहिल्यासाठी धीमा संपादक लागतो. दुसऱ्यासाठी लवकर उठणारा माणूस लागतो. पंचगंगेच्या पुराचं उदाहरण घ्या. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, त्यावर शहरानं तोंडात बोटं घातली, आणि दोन वर्षांत, २०२१ मध्ये, ते ५६ च्याही वर गेलं. 'आजवरचा सर्वोच्च पूर' ही नोंद विसाव्या खंडाची वाट पाहत बसली असती तर नदीकाठी प्लॉट घेणाऱ्यानं कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा होता?

मी हे बोलून दाखवलं तर दोघंही माझ्यावर उलटले. मामा म्हणाले, असली वाटणी कागदावर सोपी. भाची म्हणाली, काका, तुम्ही दोन्ही डगरींवर पाय ठेवताय.

ठेवला खरा. कारण तिसरा एक प्रकार आहे आणि तो कोल्हापूरकराला चांगला ठाऊक आहे. माहिती बरोबर, ताजी, सरकारी, आणि तरीही दिशाभूल करणारी. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५,४९,२३६. आकड्यात काडीचीही चूक नाही. पण ही महापालिकेच्या हद्दीतली लोकसंख्या. महापालिका झाली १९७२ मध्ये, आणि २०११ मध्ये शिरगणती झाली तेव्हाही हद्दीची रेषा जिथल्या तिथंच होती, जवळपास ६७ चौरस किलोमीटरची. पाचगाव, कळंबा, उचगाव, तिथली माणसं शहरात नोकरी करतात, शहरात भाजी घेतात, मुलं शहरातल्या शाळेत घालतात, आणि शिरगणतीत शहराच्या आकड्याबाहेर राहतात. हद्दवाढीला पाठिंबा देणारे आणि विरोध करणारे दोघंही हाच आकडा आपापल्या सोयीनं वापरतात. परदेशातल्या एखाद्या माणसानं कोशात हा आकडा वाचून दोन शहरांची तुलना केली, तर त्याला कोल्हापूर आहे त्याहून लहान दिसेल.

"हे कंसात कसं बसवायचं?" मी विचारलं.

"वाक्य वाढवायचं," मामा म्हणाले. "'महापालिका हद्दीतील', एवढे दोन शब्द. प्रूफात आम्ही असले दोन शब्द घालायला गेलो की मालक म्हणायचा, ओळ पुढं सरकते, फर्मा मशिनवर चढलाय, राहू दे. स्क्रीनवर ओळ सरकली तर कुणाचं काय जातं?"

भाचीला मात्र हे पटलं नाही. तिच्या मते प्रत्येक आकड्यामागं असा खुलासा लावत गेलं तर पोरांनी पाठ काय करायचं? तिनं केतकरांचं नाव काढलं. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. सरकारी टेकू नव्हता, वर्गणीदार गोळा करत माणूस गावोगाव फिरला. पहिल्या खंडाचं नाव 'हिंदुस्थान आणि जग', शेवटचा खंड पुन्हा हिंदुस्थानावर.

"तो शेवटचा खंड तुम्ही ताजा करायला बसाल?" ती म्हणाली. "त्यात संस्थानं आहेत, प्रांत आहेत, आपलं कोल्हापूर संस्थान आहे. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं म्हणून त्यातली ओळ खोडायची? मला तो खंड जसाच्या तसा पाहिजे. १८५४ चा ग्रॅहॅमचा कोल्हापूर संस्थानाचा अहवाल, १८८६ चं गॅझेटिअर, १९६० चं जिल्हा गॅझेटिअर. हे तीन ग्रंथ एका टेबलावर उघडले तर जिल्हा शंभर वर्षांत कसा बदलला ते दिसतं. प्रत्येकानं आपापल्या दिवशी दार लावून घेतलं म्हणून दिसतं. तुमचं पान दर मिनिटाला नवं होतं. काल देश कसा दिसत होता हे त्यात कुठं दिसणार?"

"इतिहासाच्या टॅबमध्ये."

"मामा, तो टॅब म्हणजे रद्दीचं गोदाम आहे. त्यात सगळं असतं आणि काही सापडत नाही."

मामांना हा घाव लागला. ते बराच वेळ खंडाची पानं चाळत राहिले. मग म्हणाले की ब्रिटानिकावाल्यांनी निदान दरवर्षी एक पुरवणी ग्रंथ काढायची सोय केली होती, १९३८ पासून. छापील कोश २०१२ मध्ये बंद करतो म्हणून जाहीर केलं तरी त्या पुरवण्या आज कपाटांत आहेत. आपल्याकडं केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाचं भारताविषयीचं वार्षिक संदर्भपुस्तक १९५३ पासून निघतंय, ते मुलं परीक्षेसाठी घेतात आणि परीक्षा झाली की रद्दीत घालतात. "मी वर्षाला एकदा पान गोठवून ठेवायला तयार आहे," ते म्हणाले. "३१ डिसेंबरचं कोल्हापूर. त्या प्रतीला कुणी हात लावायचा नाही."

"आणि त्यावर सही कुणाची?"

पुन्हा सही. भाचीचा सगळा जीव त्या सहीत आहे, आणि त्याचं कारण तिनं नंतर सांगितलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावरच्या संभाजी महाराजांच्या लेखातल्या मजकुरावरून वाद पेटला, मुख्यमंत्र्यांनी सायबर विभागाला तो मजकूर काढायला लावण्यास सांगितलं. तिच्या वर्गात दोन तट पडले. एक म्हणाला, लिहिणाऱ्याला समोर आणा. दुसरा म्हणाला, सरकारनं ठरवायचं तर उद्या सरकार बदललं की इतिहास बदलणार. "जबाबदार माणूस नाही म्हणून हे होतं," तिचं म्हणणं. "नोंदीखाली नाव असतं तर त्याला पुरावा विचारला असता, त्यानं दिला असता किंवा तोंडघशी पडला असता."

"नाव असतं तर त्याच्या दारात मोर्चा गेला असता," मामा म्हणाले. "तिथं टोपणनावानं लिहिणारा प्रत्येक जण भामटा नसतो. कुणी बायकापोरांचा विचार करून टोपणनाव घेतो. आणि सही करणारा विद्वान सरकारच्या पगारावर असला तर त्याच्या पेनाला शाई कुठली?"

मला दोघांचंही भय खरं वाटतं. तरी एकाची बाजू घ्यायचीच झाली तर मी मामांच्या बाजूनं झुकेन, आणि त्याचं कारण तत्त्वाचं नाही, साध्या व्यवहाराचं आहे. चूक दिसल्यावर ती सांगायला जागा असणं, हे छापील कोशानं वाचकाला कधी दिलं नाही. वाईला पोस्टकार्ड टाकायचं, बस. शुद्धिपत्र आलंच तर पुढच्या खंडात, आणि ते जुन्या खंडाला चिकटवायला कुणाकडं वेळ होता? मामांसारखी माणसं आयुष्यभर चुका पाहत आली आणि फर्मा चढल्यावर गप्प बसत आली. त्यांच्या हाती आता पेन्सिल आली आहे. ती काढून घ्यावी असं मला वाटत नाही. भाचीसारखं कुणीतरी मागं उभं राहून 'पुरावा?' विचारत राहावं, एवढंच.

चहा दुसऱ्यांदा आला तेव्हा विषय जनगणनेवर गेला. २०२१ ची झालीच नाही. आता १ मार्च २०२७ हा संदर्भदिवस धरून होणार. तोवर देशातल्या प्रत्येक कोशात, प्रत्येक पुस्तकात, प्रत्येक पानावर कंसात २०११ च. मामांच्या डोळ्यांत चमक आली. बारा तालुके, त्यांतली सगळी गावं. मराठी विकिपीडियावर कित्येक गावांची पानं दोन-चार ओळींची आहेत, त्यांत २०११ चे आकडे. नवे आकडे आले की प्रत्येक पान उघडायचं. जुना आकडा खोडायचा नाही, खाली नवी ओळ घालायची, कंसात २०२७.

"एकटे करणार?" भाचीनं विचारलं.

"तुझी पोरं आहेत की. अभ्यासिकेत साठ खुर्च्या आहेत तुझ्या. एकेका तालुक्याला पाच पोरं दिली तरी महिन्याभरात चंदगडपासून शाहूवाडीपर्यंत उरकेल. आणि हातानं आकडा भरला की पाठ पण होईल."

"करतील," भाची म्हणाली. "पण एक अट. प्रत्येक आकड्याखाली सरकारी तक्त्याचा संदर्भ, पान क्रमांकासकट. आणि भरणाऱ्यानं खरं नाव घालून खातं काढायचं."

"संदर्भ कबूल. नावाची सक्ती नाही."

"मग पोरं मिळणार नाहीत."

"बरं, गडहिंग्लजपुरतं नाव घालून बघू."

"आणि परीक्षेची तारीख मध्येच जाहीर झाली, तर राहिलेले तालुके तुमचे."

मामांनी चष्मा पुसून वहीत बारा तालुक्यांची नावं एकाखाली एक लिहायला घेतली. आजरा आणि भुदरगड त्यांनी आधीच स्वतःकडं ठेवले होते.